वहिनींच्या हाताचं हेलिकॉप्टर

शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे मिलिमीटर म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण तिकडे कोणी बघत नसे. पोटासाठी मशिनी, आणि जिवासाठी एक अगदी बिनकामाचा उद्योग. कुणी नवशिक्याने रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर घेतलं की ते आधी मिलिमीटरच्या टेबलावर यायचं. खोक्यातून काढून तसंच उडवलं तर तीन सेकंदांत त्याचा चुरा होतो. मिलिमीटर ते माणसाळवून द्यायचा. दोन्ही पाती तोलायची, शेपटी स्थिर करायची, खाली दोन आडव्या काड्यांच्या टोकांना चार प्लॅस्टिकचे चेंडू लावायचे, म्हणजे यंत्र कलंडत नाही. याला तो पांगुळगाडा म्हणे. आणि सगळ्यात शेवटी रिमोटमधले आकडे: स्टिक किती हलली की यंत्राने किती ऐकायचं.

एका दुपारी वहिनी चादरीत गुंडाळलेलं हेलिकॉप्टर आणि त्याचा रिमोट घेऊन आल्या. ते कॅप्टनचं होतं. कॅप्टन म्हणजे त्यांचा नवरा, मिलिमीटरचा दोस्त. आयुष्यभर बस चालवली, पण नाव पडलं कॅप्टन. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

"भाऊजी, हे लावून द्या. नवशिक्यासाठी."

"कोण आहे नवशिका?"

"तुमच्यासमोर उभी आहे."

"वहिनी, आता या वयात—"

"तुम्ही दोघं काय विशीत होतात? बावीस वर्षं मी बॅटऱ्या चार्ज करून दिल्या. आता मला उडवायचंय."

मिलिमीटरने रिमोट हातात घेतला आणि लगेच खाली ठेवला. वहिनींच्या वयामुळे नव्हे. तो रिमोट जुना होता, त्यात एकाच माणसाचे आकडे मावत. वहिनींचे भरायचे तर कॅप्टनचे पुसायचे. फोटोत चेहरा असतो, पण कॅप्टनचा हात एवढ्या एकाच ठिकाणी उरला होता.

"माझ्याकडचा नवा रिमोट देतो," तो म्हणाला.

"नको. याच्या स्टिकचं रबर झिजून खड्डा पडलाय. माझा अंगठा त्यात बसतो."

त्याने चादर सोडायला घेतली.

बंद पडलेल्या गिरणीमागचं ते मैदान त्याला आठवलं. रविवारची सकाळ, थर्मासमधला चहा, गवतावर दव. कॅप्टन हेलिकॉप्टर उलटं करून गवताच्या टोकांवरून न्यायचा. सायकलवाले थांबायचे. मिलिमीटरचं यंत्र मात्र डोळ्यांच्या उंचीवर जागच्या जागी उभं असायचं, सुतात. कॅप्टन म्हणायचा, "तुझं हेलिकॉप्टर आहे का छताचा पंखा? खाली खाट टाकतो, झोपतो." मिलिमीटर म्हणायचा, "तुझं पडलं की उचलायला मलाच बोलावशील." आणि खरंच बोलवायचा. किती पाती बदलली असतील, देव जाणे.

त्याने मोटरच्या वायरी सोडवल्या. खोलीत पाती फिरली तर बोटं जातात. मग रिमोट सुरू केला आणि आकडे बघून थबकला. कॅप्टनची स्टिक वस्तऱ्यासारखी असायची, मधला मऊपणा, म्हणजे स्टिक जराशी हलली तर यंत्राने सावकाश ऐकणं, शून्य. इथे पंचावन्न होता.

"वहिनी, याला कोणी हात लावला होता?"

"तीन वर्षांत कोणी नाही."

"मग हा पंचावन्न कुठून आला?"

वहिनींनी खुर्ची ओढली. "मी दाबला. शेवटच्या वर्षी त्यांचे हात कापायचे. बटणंही दाबता येईनात. ते आकडा सांगायचे, मी दाबायची. आधी वीस. मग पस्तीस. मग हा."

"मला का नाही सांगितलं? गावभरच्या लोकांची यंत्रं मी लावतो!"

"गावभरच्या नवशिक्यांची," वहिनी म्हणाल्या. "त्या रांगेत त्यांना उभं राहायचं नव्हतं."

मिलिमीटर पाती पुसत बसला. ती स्वच्छच होती. त्या शेवटच्या वर्षी कॅप्टन उलटं उडवेनासा झाला होता. संथ, मोठे गोल घ्यायचा. आणि मिलिमीटर मैदानभर ऐकू जाईल असं ओरडला होता.

"मी त्याला बैलगाडी म्हणालो होतो," तो म्हणाला. "चार लोकांसमोर."

"माहीत आहे. घरी येऊन सांगितलं त्यांनी. म्हणाले, मिल्याला पत्ता नाही लागला. खूश होते." चादरीची घडी घालत त्या म्हणाल्या, "जेवले नाहीत मात्र."

त्याने मान हलवली.

"मग आता काय, हेच आकडे राहू द्यायचे?" वहिनींनी विचारलं. "हाताला मऊच आहे की हे."

त्याला हो म्हणायचं होतं. तेवढं एक अक्षर, आणि सगळं जागच्या जागी राहिलं असतं. पण ते खोटं झालं असतं, आणि यंत्र पडलं असतं वहिनींच्या पायांवर.

"नाही चालणार," तो म्हणाला. "त्याच्या हाताला सगळं येत होतं, फक्त हात कापत होता. म्हणून त्याने मधे मऊ केलं, टोकाला पूर्ण ताकद ठेवली. तुमचा हात स्थिर आहे, पण त्याला काही येत नाही. घाबरलात की तुम्ही स्टिक टोकापर्यंत ढकलणार. तुमच्या स्टिकची टोकंच छाटायला हवीत."

"छाटा मग."

"तुम्हीच दाबा. मी सांगतो."

टोक साठ. मऊपणा तीस. शेपटी आणखी सावकाश. शेवटी पडद्यावर प्रश्न आला: जुने आकडे बदलायचे? वहिनींचा अंगठा बटणावर थांबला. त्या त्याच्याकडे बघत होत्या.

"दाबा," मिलिमीटर म्हणाला, आणि पडदा बदलेपर्यंत त्याने नजर हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर त्याने पांगुळगाडा बांधला, पाती फिरवून बघितली, मग रिमोट वहिनींच्या हाती दिला. हेलिकॉप्टर वीतभर वर उठलं, डावीकडे घसरलं. वहिनी दचकल्या, स्टिक उलटी ढकलली. उजवीकडे पळालं. चेंडू गवतात आपटून उड्या मारत थांबले. काही मोडलं नव्हतं.

एवढ्या वर्षांत ही चूक मिलिमीटरने शेकडो नवशिक्यांच्या हातून पाहिली होती. कॅप्टनच्या हातून कधीच नाही. ती सर्वस्वी वहिनींची होती. त्याने पुढे होऊन हेलिकॉप्टर वाऱ्याच्या दिशेला तोंड करून ठेवलं.

"परत," वहिनी म्हणाल्या. "आणि जरा लांब उभे राहा, भाऊजी."