दुसऱ्यांदा आलेली कावीळ

सत्तरच्या दशकाच्या आरंभी मी भाईंदरच्या तलाठी कार्यालयाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. शाळा सातवीत सुटली होती. तरी माझा मसुदा मामलेदार कचेरीतून कधी परत आला नाही, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. एका अर्जात मी एकच तक्रार मांडी. दोन एकत्र आल्या की कारकून दोन्ही बाजूला सारतो.

घरातही मी याच शिस्तीने वागलो. पत्नीची बोटे आणि गुडघे आखडू लागले, तेव्हा तिला हाडवैद्याकडे नेले. डोळे पिवळे झाले, तेव्हा नवघरच्या कावीळ उतरवणाऱ्याकडे. त्याने चुन्याच्या पाण्याने तिचे हात धुतले, गळ्यात मुळ्यांची माळ घातली, आणि कावीळ ओसरली. पुढे पाळी चुकली, तेव्हा आईने सुईण बोलावली. घरात आनंद झाला, पण गर्भ नव्हता. मग डोळे पुन्हा पिवळे झाले.

या खेपेस मी तिला स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे नेले.

"कावीळ," मी सांगितले.

"ते दिसतंय. आणखी?"

"आणखी काही नाही."

"तुम्ही जरा गप्प बसा. बाई, तुम्ही बोला."

"बोटं आखडतात," ती म्हणाली. "पाळी येत न्हाय. हंडा उचलवत न्हाय. अन् कावीळ दुसऱ्यांदा हाय."

"दारू घेता?"

"मी न्हाय. यांना इचारा."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिचे पोट चाचपले, गळ्याखाली फुटलेल्या बारीक लाल शिरा निरखल्या.

"ही साधी कावीळ वाटत नाही. कधी कधी अंगाची राखण करणारी शक्तीच लिव्हरवर उलटते. सांधे, पाळी, सगळं त्यातलंच असू शकतं. लिव्हर दगड होण्याआधी मुंबईला न्या. उद्याच."

तेथील इस्पितळात सुईने लिव्हरचा कण काढून तपासला. संशय खरा ठरला. लिव्हर काही ठिकाणी घट्ट झाले होते, पुष्कळसे वाचले होते. गोळ्या सुरू झाल्या. भूक परतली, गोळ्यांमुळे चेहरा सुजून गोल झाला. शेजारणी म्हणत, "अंग धरलं हो!" आणि आई पुन्हा आशेने तिच्या पोटाकडे पाही.

गोळ्या किती वर्षे घ्यायच्या, हे कोणी सांगेना. रोज सकाळी मी तिला दारात उजेडाकडे तोंड करून उभी करी.

"अवो, कालच तर बघितलंत!"

"पापणी ओढ."

ती ओढी. मी बराच वेळ पाहत राही, आणि खात्री नसतानाही म्हणे, "पांढरे आहेत."