पत्रकामागची सतरा नावं

हॉस्पिटलच्या कार पार्कपाशी आज कुणीतरी देणगीसाठी सॉसेज भाजत होतं. करपलेल्या कांद्याचा वास आला आणि याच जागी असलेलं मैदान आठवलं.

युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षी इथे रग्बी लीगच्या दुय्यम संघाची मॅच होती आणि मी सह्या गोळा करत पत्रकं वाटत होते: 'कार पार्कला मैदान गिळू देऊ नका!' प्रेक्षक मूठभर, सगळे खेळाडूंच्या घरचे. डेब, चौदा नंबरवाल्याची आई, याच हॉस्पिटलात नर्स. तिने पत्रक उलटसुलट पाहिलं.

"यात पोरांची नावं कुठेत, लव्ह?"

तिला ती संघाची यादी वाटली! मी तडकले, "अहो, तुमचंच मैदान वाचवतेय!"

"वाचव ना. पण ड्यूटी संपल्यावर गाडीपर्यंत अर्धा तास मी चालते, तू नाही."

तिने सही केली नाही. पत्रकामागे संघातल्या सतराही पोरांची नावं मात्र लिहून दिली. तेवढ्यात चौदा नंबर बॉल घेऊन सुटला. डेबने माझा दंड आवळला, आणि आम्ही दोघी किंचाळलो.

मैदान गेलंच. आज आईला तपासणीला आणलं, गाडीला लिफ्टजवळच जागा मिळाली आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचाच संताप येतोय. आता पत्रक काढू तरी कुणाविरुद्ध?