डावा पाय मुडपून

कोऱ्या ताग्याची घडी मोडली की खळीचा वास येतो, आणि मला डॉक्टरांच्या टेबलावरचे दोन स्टेंट आठवतात. रायपूर राजधानी होऊन काही वर्षं झाली होती. पंडरीच्या कापडबाजारातल्या दुकानांतून गाद्या जाऊन काउंटर येत होते, आमच्या दुकानात मात्र अजून गादीच होती. बाबांच्या डाव्या पायाची नस गुडघ्यामागे बंद झालेली, पाऊल गार पडलेलं. नस उघडी ठेवायला आत घालायच्या त्या नळ्यांपैकी एक खळीच्या कापडासारखी ताठ होती, दुसरी विणलेल्या जाळीची. "बाबूजी, दिनभर बैठते कैसे हो?" डॉक्टरांनी विचारलं. "कुर्सी पर," बाबा म्हणाले. त्या चकचकीत दवाखान्यात गादीचं नाव काढायची त्यांना लाज वाटली असावी. डॉक्टरांनी ताठ स्टेंट उचलला. "खोटं काहून सांगून राहिले?" म्हणत आईने स्टुलावर चढून, बाबा गादीवर बसायचे तसं डावा पाय अंगाखाली मुडपून बसून दाखवलं. डॉक्टर हसले नाहीत. "अच्छा हुआ बताया, माताजी. घुटना रोज इतना मुड़ता तो ये टूट जाता," म्हणत त्यांनी ताठ स्टेंट खाली ठेवला आणि जाळीचा स्टेंट बोटाभोवती वाकवून पाहिला. पाय वाचला. पुढे मी काउंटर करून खुर्ची आणली, तर बाबा तिच्यावरही तसेच बसायचे. आता त्या खुर्चीवर मी बसतो. मघाशी तागा उघडताना सहज खाली पाहिलं, तर माझी डावी चप्पल रिकामी पडली होती.