फरशीवरची चिनी अक्षरं

धामापूरचे चंदन धुरी जहाजावर ऑइलर, म्हणजे इंजिनाचं तेलपाणी बघणारे कामगार होते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी चीनमधल्या एका गोदीत दोन महिने राहिलं. रोज सकाळी ते जवळच्या बागेत फिरायला जात. तिथे लुओ नावाचे एक म्हातारे शिक्षक लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहीत. ऊन चढलं की ती सुकून जात.

"सुकणारच आहेत, तर लिहायची कशाला?" चंदननी एकदा फोनवरच्या भाषांतरातून विचारलं.

लुओ हसले आणि फोनमध्ये काही बोलले. पडद्यावर मराठी उमटली, "वाचू नका. माझ्या हातामागून चला." मग त्यांनी चंदनचं बोट धरून ओल्या रेषेवरून फिरवलं. कुंचला कुठे दाबला, कुठे उचलला, हे चंदनना हळूहळू कळू लागलं. महिनाभरात घाईची रेघ आणि निवांत रेघ त्यांना वेगळी दिसू लागली. निघताना लुओंनी त्यांना कागदावर एक अक्षर लिहून दिलं, सोबत आपला फोन नंबरही.

घरी आल्यावर चंदननी ते चौकटीत बसवलं.

"ह्यात काय लिवलेला आसा?" बायकोने, संचिताने विचारलं.

"अर्थ मगे सांगतंय. आधी हात खंय थांबलो, ता बघ."

तिने काचेवरून सावकाश बोट फिरवलं. "हंय दम खाल्ल्यान," ती म्हणाली.

तिचं हे वाक्य सांगायला चंदननी लगेच लुओंना फोन लावला. साठीच्या ऑइलरला कुणी इतक्या मायेने काही शिकवावं, याचं त्यांना अजून नवल वाटतं.