चिठ्ठीत नसलेलं वाक्य

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. या सदरातले अनुभव वाचून मी बायकोला म्हणायचो, "या सगळ्यांना झोप कमी पडते गं." मी समुपदेशन शिकलेला माणूस... अंगात येणं म्हणजे काय, यावर तासभर बोलू शकतो. तरीही एक प्रसंग असा आहे की तिथे माझं सगळं शिक्षण गप्प बसतं.

साल ८६ किंवा ८७. मुलुंड पूर्वेच्या एका शाळेतले तळमजल्यावरचे दोन वर्ग रविवारी दुपारी आमच्या संस्थेला फुकट मिळायचे. एका वर्गात लोक मन मोकळं करायला यायचे. दुसऱ्यात नर्स, शिक्षक, समाजसेवक अशांना समुपदेशन शिकवलं जायचं. मी नाहूरला राहायचो. आठवडाभर कंपनीत स्टोअरकीपर, रविवारी संस्थेचा कार्यकर्ता. हे सगळं आमच्या मॅडम चालवायच्या. तोंडाने फटकळ, पण समोर ऐकायला बसल्या की माणूस आपोआप बोलायला लागायचा. मला त्या आईच्या जागी होत्या, यात अतिशयोक्ती नाही.

शिकणाऱ्या प्रत्येकाने आधी स्वतः मॅडमसमोर दहा वेळा बसायचं, असा संस्थेचा नियम होता. आणि त्या खोलीत बोललेलं बाहेर जाणार नाही, हा दुसरा. सहाव्या बैठकीत मी माझ्या दादाबद्दल बोललो. दादा मनोरुग्णालयात होता. दिवाळीला घरी नेतो असं मी त्याला कबूल केलं होतं आणि नेलं नाही. जानेवारीत न्यूमोनियाने तो तिथेच गेला. मी मॅडमना सांगितलं, "सुट्टी मिळाली नाही म्हणून जाता आलं नाही." आणि लहान मुलासारखा रडलो. मॅडम म्हणाल्या, "हे माझ्यापाशीच राहील रे."

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी नवी बॅच सुरू झाली. सरावासाठी मॅडम केस चिठ्ठीवर लिहून द्यायच्या. एकाने ती वाचून पेशंट व्हायचं, दुसऱ्याने चिठ्ठी न बघता समुपदेशक व्हायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. एकजण शब्दन् शब्द उतरवून घ्यायचा. त्या रविवारी मी एका लग्नाला जाणार होतो. ऐनवेळी रद्द केलं आणि वर्गात पोचलो. मॅडम शेजारच्या वर्गात पाहुण्यांशी बोलत होत्या. समुपदेशकाच्या खुर्चीसाठी कुणी पुढे येईना, म्हणून मीच बसलो.

समोर शालन नावाची नर्स होती. राहायला बोरीवली, घरचे मूळ अकोल्याकडचे. चिठ्ठी वाचून ती सुरू झाली. "माझा मोठा भाऊ वेड्यांच्या इस्पितळात होता... दिवाळीला आणणार होते..."

माझे कान तापले. नाव बदललेलं होतं, सांगणाऱ्या भावाच्या जागी बहीण केली होती. पण इस्पितळ, सुट्टी, दिवाळी... सगळं माझं! माझं रडणं या बाईंनी चिठ्ठीवर लिहून वर्गात वाटलं होतं. मला तिथेच उठून जावंसं वाटलं, पण अख्खा वर्ग बघत होता.

आणि शालन मध्येच थांबली. पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि खालच्या पट्टीत, सावकाश म्हणाली, "तू गेटार इललस रे. माका दिसललस. मगे परत कित्याक गेलस?"

वर्गात कुणीतरी हळूच म्हणालं, "झकास करते यार ही."

नियमाप्रमाणे सोंग संपलं की स्वतःचं नाव सांगून खुर्ची सोडायची. शालनने तेही केलं. "मी शालन, मी नर्स आहे." मग माझ्याकडे बघून घाबरली. "सर, काय झालं? मी दिवाळीपर्यंतच आले होते ना?" पुढचं तिला काहीच आठवत नव्हतं.

मी तिच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि तडक मॅडमकडे गेलो. पाहुणे गेले होते.

"मॅडम, हे माझं आहे."

त्यांचा चेहरा पडला. "तू आज येणार नव्हतास ना?"

"म्हणजे मी नसताना वाटायचं ठरवलं होतंत?"

"नाव बदललंय रे. शिकवायला इतकी चांगली केस..."

केस. तो एक शब्द माझ्या जिव्हारी लागला. मी म्हणालो, "आणि गेटचं? तेही लिहिलंत?"

"कुठलं गेट?" मॅडमनी विचारलं.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. त्यात गेट नव्हतं. आम्हा भावांची घरातली मालवणी नव्हती. उतरवून घेणाऱ्याच्या वहीत मात्र 'परत का गेलास' विचारणारं ते वाक्य होतं, कंसात 'मालवणी असावी' असं लिहिलेलं.

मी पुन्हा संस्थेत गेलो नाही. मॅडमनी दोन पत्रं पाठवली, मी फोडली नाहीत. त्या वारल्या तेव्हाही गेलो नाही.

शालनच्या कानावर कुठेतरी मालवणी पडली असेल, हे मानतो. पण गेटचं तिला कळणार कुठून? मी मॅडमशीसुद्धा खोटं बोललो होतो. सुट्टी मिळाली होती. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी इस्पितळाच्या गेटपर्यंत गेलो. दादा व्हरांड्यात पिशवी घेऊन, नवा शर्ट घालून बसला होता. बायकोला सातवा महिना, घर एका खोलीचं... मला भीती वाटली आणि मी मागे फिरलो. हे मी जन्मात कुणालाही सांगितलं नव्हतं. दादाने मला पाहिलं नाही, एवढ्याच समाधानावर मी जगत होतो.

दिवाळीनंतर दोनदा भेटायला गेलो होतो मी त्याला. "सुट्टीच दिली नाही रे साहेबाने," असं त्याच्या तोंडावर म्हणालो. दादा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "असांदे."