आठ मिनिटांचं गाणं

आमच्या मराठी मंडळाचे कार्यक्रम वेळेवर सुरू होत असते, तर ही आठवण मी मिरवत सांगितली असती.

अमेरिकेत डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावात आमच्या भिंतीला भिंत लागून एक अमेरिकन बाई राहायच्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे. तरुणपणी त्या डेट्रॉइटच्या नाइटक्लबमध्ये पियानो वाजवत गायच्या आणि आठवड्यातून एकदा रेडिओवर. टीव्ही आला, रेडिओचं काम सुटलं, मग क्लबही बंद पडला. तेव्हापासून त्या लोकांसमोर गायल्याच नव्हत्या. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता, म्हणून मीच त्यांना बोलावलं. मी तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी. त्यांनी एवढंच विचारलं, "किती मिनिटं?"

"आठ."

महिनाभर भिंतीपलीकडे सराव चालला. रेडिओची सवय, गाणं बरोबर आठव्या मिनिटाला संपायचं.

कार्यक्रम मात्र उशिरा सुरू झाला, त्यात नमनाला घडाभर तेल. प्रायोजकाचं भाषण, मग सत्कार, मग मुलांचे सात नाच. मी पडद्यामागे जाऊन विचारलं, "पाच मिनिटांत बसेल?" त्यांनी डोळे मिटून गुडघ्यावर बोटं चालवली आणि मान डोलावली. थोड्या वेळाने मी पुन्हा गेलो, "तीन?" त्या हसल्या. "रेडिओवरही आयत्या वेळी माझंच गाणं कापायचे," म्हणाल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

तेवढ्यात आमचा खजिनदार आला. "यार, फूड थंड होतंय, कॅटरर निघायचं म्हणतोय. जेवण अनाउन्स करून टाक ना, म्युझिक चालू राहील बॅकग्राउंडला."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण मीच माइक घेतला आणि म्हणालो, "मंडळी, जेवण तयार आहे!"

त्या पियानोपाशी बसेपर्यंत लोक उठलेसुद्धा. त्या तीन मिनिटं गायल्या, एक सेकंद जास्त नाही. शेवटी टाळ्या वाजवायला मी, माझी बायको आणि खुर्च्या आवरणारे दोघं.

परतताना गाडीत मी माफी मागितली. "रेडिओवर तरी समोर कोण असायचं?" त्या म्हणाल्या. मला हायसं वाटलं. घरापाशी उतरताना त्या हळूच म्हणाल्या, "फक्त तिथे उठून जाणारे दिसत नसत."

पुढच्या वर्षी मी त्यांना बोलावलंच नाही. कोणत्या तोंडाने विचारणार होतो? पण माझी लाज त्यांना कशी कळणार? त्यांना वाटलं असेल, त्यांचं गाणंच आम्हाला आवडलं नाही.