खाडीकाठची नावं

कोबेहून सकाळच्या गाडीने निघालो तेव्हा मॉरीनबाई खिडकीपाशी बसून एक जुनं पदक रुमालाने पुसत होत्या. आमच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघणाऱ्या या आयरिश बाईंचे खापरपणजोबा उपासमारीपायी घर सोडून गेले आणि परक्या देशाच्या आरमारात कप्तान झाले. तिथे त्यांचा पुतळा आहे म्हणे. जपानमधल्या ज्या खाडीत लढून हे पदक मिळालं, तिथल्याच देवळाला ते द्यायचं बाईंच्या मनात होतं. दुभाषी मी. मुंबईहून आलेल्या साहेबांचा ओरडासुद्धा जपानीत विनंती करून पोचवणारी, अशी माझी ऑफिसात ख्याती.

दुसरी गाडी चुकली. फलाटावरच ओनिगिरी (भाताचे त्रिकोणी गोळे) खाल्ले आणि दुपारी खाडीवर पोचलो. राखाडी पाणी, वाळत घातलेली मासळी, निम्म्या घरांना कुलपं. मला ते गाव मुळीच आवडलं नाही.

देवळातल्या आजींनी, तिथल्या पुजाऱ्याच्या विधवेने, चहा दिला. इथे लढाई झाली होती ना, असं मी विचारलं.

"लढाई कसली, बाळ! परक्या जहाजाने तोफा डागल्या. किल्ला राहिला डोंगरापलीकडे, जळली ती कोळ्यांची घरं." त्यांनी काकोचो (मृतांच्या नावांची वही) उघडली. "ही सगळी त्यात गेलेली. ही चार तर लहान पोरं. दरवर्षी त्या दिवशी नावं वाचतो."

"काय म्हणतायत?" मॉरीनबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरले होते. मला खरं सांगवेना.

"त्या लढाईतल्या माणसांची आठवण ठेवतात म्हणे."

बाईंनी दोन्ही हातांनी पदक पुढे केलं.

"यांचंही कुणी गेलं का त्यात?" आजींनी मला विचारलं.

एक खोटं झाकायला दुसरं लागतंच. मी मान डोलावली. पदक एखाद्या कपाटात जाईल नि आपण सुटू, असं वाटलं होतं. पण आजींनी शाई काढली आणि नाव विचारलं. बाईंनी खापरपणजोबांचं नाव सावकाश, दोनदा सांगितलं. आजींनी ते पोरांच्या नावांशेजारी लिहिलं, उदबत्ती लावली. दोघी एकमेकींपुढे वाकल्या. दोघीही रडत होत्या.

परतीच्या गाडीत बाईंनी विचारलं, "बाकीची नावं खापरपणजोबांच्या खलाशांची का हो?"

"हो," मी म्हणाले.

माझा गोडबोलेपणा माझ्या अंगाशी आला असता तर चाललं असतं. तो त्या पोरांच्या अंगाशी आला. आता दरवर्षी त्यांच्या जोडीने त्यांना मारणाऱ्याचं नाव वाचलं जाणार. मला माझीच लाज वाटते, आणि तोंड उघडायचा धीरही होत नाही.

पुढच्या वर्षी त्या दिवशी बाई आयर्लंडहून सगळं कुटुंब आणणार आहेत. दुभाषी म्हणून मीच हवी आहे.